मागें राहिलेले जखमी

जिंकलेल्या सैन्यास आपल्या जखमी शिपायांचा प्रश्न सहसा छळीत नाहीं. रणभूमि ताब्यांत असते. जखमी जेथें पडला तेथेंच त्याच्या तोंडांत पाणी पडतें, आणि आज नाहीं तर उद्यां शस्त्रवैद्य त्याच्यापर्यंत पोंचतो. खरी कसोटी लागते ती माघारीच्या वेळीं. शत्रु पाठीशीं, गाड्या मोडलेल्या, अन्न संपत आलेलें. आणि चालतां न येणारा एक जखमी उचलावयाचा तर निदान चार धडधाकट माणसें गुंतवावीं लागतात. त्याला बरोबर न्यावें तर सारें पथक धोक्यांत येतें. ठेवावें तर ज्यानें आपल्या शब्दावर रक्त सांडलें त्यालाच शत्रूच्या स्वाधीन केल्यासारखें होतें. सेनापति या पेंचांतून कसे सुटले, ही हकीकत लढायांच्या वर्णनांत बहुधा शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते.

मागें ठेवणें म्हणजे प्रत्येक वेळीं विश्वासघातच असें मात्र नव्हे. २७ जून १७४३ रोजीं जर्मनींत मेन नदीच्या कांठीं डेटिंगेन या खेड्याजवळ इंग्रज व त्यांचे मित्र यांची फ्रेंचांशीं लढाई झाली. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज जातीनें रणांत होता. जय त्याचा झाला. पण सैन्याची उपासमार चाललेली असल्यामुळें जिंकलेलें मैदान सोडून त्याला तांतडीनें हानाऊकडे कूच करावें लागलें, आणि विजयी सैन्याचे जखमी पराभूतांच्या हातीं राहिले! इंग्रजांचा सेनापति लॉर्ड स्टेअर यानें फ्रेंच सेनापति नोआय यास पत्र पाठवून त्यांचा सांभाळ करण्याची विनंति केली, आणि नोआयनें ती मान्य करून त्यांना मायेनें वागविलें. त्याच मोहिमेंत दोन्ही पक्षांनीं एकमेकांच्या रुग्णालयांस हात लावावयाचा नाहीं असेंही ठरविलें. स्टेअरचा वैद्य जॉन प्रिंगल यानें १७५२ सालच्या आपल्या ग्रंथांत तें नमूद केलें आहे. हे दोघे सेनापति कांहीं साधुसंत नव्हते. आज याचे जखमी तर उद्यां त्याचे, एवढा व्यवहार दोघांनाही कळत होता. परंतु त्या व्यवहारानें जे जीव वांचले ते खरेच वांचले.

हा व्यवहार तुटला म्हणजे काय होतें, हें पुढें ५६ वर्षांनीं तुर्की साम्राज्यांतील जाफा बंदरांत दिसून आलें. हें बंदर आतां इस्रायल देशांत मोडतें. फेब्रुवारी १७९९ मध्यें सुमारें १३,००० सैन्य घेऊन नेपोलियन बोनापार्ट ईजिप्तमधून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेकडे निघाला आणि ७ मार्च रोजीं त्यानें जाफा काबीज केलें. जिवाला अपाय होणार नाहीं या वचनावर ज्यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं होतीं, अशा हजारों कैद्यांस पुढच्या दोन-तीन दिवसांत समुद्रकांठीं नेऊन गोळ्यांनीं व संगिनींनीं ठार करण्यांत आलें. त्यांना पोसावयास अन्न नाहीं आणि राखावयास शिपाई नाहींत, असें कारण देण्यांत आलें. त्याच सुमारास फ्रेंच सैन्यांत प्लेग पसरत होता.

सैन्याचा मुख्य वैद्य देझ्नेत हा मोठ्या धीराचा मनुष्य. रोगापेक्षां भीतीच अधिक माणसें मारील हें ओळखून प्लेग हा शब्दच तो उच्चारीत नसे. शिपायांच्या देखत त्यानें रोग्याच्या गांठींतील पुवांत नस्तर बुडवून तें स्वतःच्या अंगाला टोंचून घेतलें. अशा मनुष्यापुढें पुढें जो प्रसंग आला तो या टोंचणीहून अवघड होता.

अक्काच्या किल्ल्यापुढें दोन महिने डोकें फोडूनही यश येईना, तेव्हां २० मेच्या रात्रीं वेढा उठला. घोडे, खेंचरें, उंट जें असेल तें जखमींना द्यावें आणि बाकीच्यांनीं पायीं चालावें, असा बोनापार्टचा हुकूम होता. तो स्वतःही पायीं चालला, हें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. परंतु जाफाच्या रुग्णालयांत असे प्लेगचे रोगी होते कीं ज्यांना जनावरावर बसवणेंही शक्य नव्हतें. माघारीच्या त्या दिवसांत बोनापार्टनें देझ्नेतला सुचविलें कीं अफू देऊन अशांचे हाल संपवावे. आपलें काम प्राण राखण्याचें आहे, असें सांगून वैद्यानें साफ नकार दिला. तरीही अफूचा अर्क दिला गेलाच. देझ्नेतनें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, २५ ते ३० रोग्यांना तो मोठ्या प्रमाणांत देण्यांत आला. कांहींना वांती होऊन तो पडून गेला, ते बरे झाले, आणि त्यांनींच सर्व हकीकत सांगितली. रॉबर्ट विल्सन या इंग्रजानें १८०२ सालीं हा आंकडा ५८० वर नेला, तर सेंट हेलिना बेटावर कैदेंत असतां नेपोलियननें तो ७ वर आणला आणि स्वतःचा मुलगा त्या जागीं असता तरी आपण हेंच केलें असतें असें तो म्हणाला.

आंकड्याचा वाद बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. मागें राहिलेल्यांचीं शिरें तुर्क कापतील ही भीति खोटी नव्हती. अक्काचा जेझ्झार पाशा शत्रूच्या शिरांना बक्षीस देत असे. पण स्टेअरनें लिहिलें तसें पत्र बोनापार्टला मे महिन्यांत तुर्कांस लिहितां येईना, याचें कारण मार्च महिन्यांत समुद्रकांठीं पडलेलीं प्रेतें हेंही होतें. कैद्यांना मारणारा सेनापति आपल्या जखमींच्या सुटकेची वाट त्याच दिवशीं बंद करतो. आणि पत्र स्वीकारणारा शत्रु जवळपास नव्हता असेंही नाहीं. जखमींनीं भरलेलीं कांहीं फ्रेंच गलबतें, खलाशी अपुरे व पाणी नाहीं अशा स्थितींत, त्याच सुमारास इंग्रजांच्या आरमाराकडे सरळ चालत आलीं. कप्तान सिडनी स्मिथ यानें त्यांना मदत देऊन दमियत बंदराकडे जाऊं दिलें.

देझ्नेतच्या नकाराची कीर्ति झाली ती योग्यच झाली. पण तोही सैन्याबरोबर कैरोस गेला. विष दिलें नाहीं, तसा तो मागेंही राहिला नाहीं. त्याला दोष देतां येत नाहीं, कारण शेंकडों इतर जखमी व आजारी त्याच्यावर अवलंबून होते. आणि शत्रूच्या हद्दींत राहणाऱ्या वैद्याचा जीव सुरक्षित ठेवील असा करार त्या दोन पक्षांत नव्हता.

असा नियम यावयास बराच काळ लागला. १८५९ सालीं सोल्फेरिनोच्या रणभूमीवर बेवारशी पडलेले जखमी पाहून आंरी द्युनां हळहळला, आणि त्याच्या प्रयत्नांतून १८६४ सालीं जिनिव्हाचा पहिला करार झाला. १९०६ सालच्या करारांत मात्र आपल्या विषयाचें नेमकें कलम आलें: ज्या पक्षाला आपले जखमी शत्रूकडे सोडून जाणें भाग पडेल, त्यानें लष्करी परिस्थिति अनुकूल असेल तितपत त्यांच्याबरोबर कांहीं वैद्यकीय माणसें व सामान ठेवावें. १९२९ व १९४९ च्या करारांतही तें कायम राहिलें. जखमींना टाकूं नका अशी आज्ञा त्यांत नाहीं, कारण ती पाळली जाणार नाहीं हें लिहिणाऱ्यांस ठाऊक होतें. त्यांना एकटें टाकूं नका, एवढेंच तें सांगतें.

१९२९ चा हा करार जपाननेंही मान्य केला होता; पण ब्रह्मदेशाच्या रानांत त्यावर भरंवसा कोणीं ठेवावा? १९४३ च्या फेब्रुवारींत ब्रिगेडियर विंगेट याच्या हाताखालीं इंग्रज, गुरखे व ब्रह्मी शिपाई मिळून सुमारें ३,००० लोक चिंदविन नदी ओलांडून जपानी फौजेच्या पिछाडीस शिरले. मध्यप्रांतांत सागरच्या बाजूच्या रानांत त्यांची तयारी झाली होती. ज्याला चालवणार नाहीं तो मागें राहील, हें त्यांना आधींच बजावलें होतें. त्याप्रमाणें मित्रभावाच्या खेड्यांत, नाहीं तर झाडाखालीं, पाणी व शस्त्र देऊन माणसें ठेविलीं गेलीं. सुमारें ८०० लोक परत आले नाहींत. शत्रूच्या गोळीपेक्षां या हुकुमाचें ओझें शिपायांच्या मनावर अधिक असे. एका तुकडीनें रानांतील मोकळ्या जागेवर छत्रीच्या कापडाचीं अक्षरें मांडून विमान उतरविण्याची विनंति केली, आणि २८ एप्रिल रोजीं एका डाकोटा विमानानें तेथें उतरून सतरा-अठरा जखमी व आजारी उचलले.

हा धडा घेऊन १९४४ च्या मोहिमेंत जखमी नेण्यासाठीं लहान विमानें दिलीं गेलीं आणि पुष्कळांचे प्राण वांचले. पण विमानास उतरावयास जमीन लागते. 'ब्लॅकपूल' या सांकेतिक नांवाच्या ठाण्याची धांवपट्टी शत्रूच्या हातीं गेली, दारूगोळा संपला, पाऊस कोसळत होता. २५ मे रोजीं तें ठाणें सोडावें लागलें. शंभरावर जखमी चिखलांतून वाहून नेण्यांत आले. ज्यांची आशा डॉक्टरांनीं सोडली होती अशा १९ जणांस मात्र आपल्याच लोकांच्या हातून गोळी मिळाली. हुकूम देणारा अधिकारी जॉन मास्टर्स यानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत तें सर्व, स्वतःचा शब्द न झांकतां, सांगितलें आहे. त्याच वर्षीं इंफाळहून परतणाऱ्या जपानी सैन्यानेंही आपल्या न चालणाऱ्या माणसांस हातबॉम्ब देऊन किंवा मारून मागें टाकलें. जिवंत शत्रूच्या हातीं लागूं नये, ही शिकवण त्यांच्या १९४१ च्या शिपाई-संहितेंतच होती.

ब्लॅकपूलहून खांद्यावर आणलेले जखमी आणि इतर पथकांतील आजारी यांना इंडॉजी सरोवराच्या कांठीं जमविण्यांत आलें. रानांत धांवपट्टी नव्हती, पण सरोवर होतें. जूनमध्यें पाण्यावर उतरणारीं दोन सुंदरलँड विमानें ब्रह्मपुत्रेवरून डोंगर ओलांडून तेथें येऊं लागलीं, आणि पावसाळी ढगांतून वाट काढीत त्यांनीं पांचशेंवर माणसें आसामांत आणून सोडलीं.