जमिनीवरचे धडे

इ. स. १९०० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत उद्यानरचनेचा स्वतंत्र शिक्षणक्रम सुरू झाला. त्या वर्गाचें दार स्त्रियांना बंद होतें. नवल असें कीं, आदल्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें या व्यवसायाची जी संस्था निघाली, तिच्या ११ संस्थापकांत एक बाई होत्या. त्यांचें नांव बिअ‍ॅट्रिक्स जोन्स, विवाहानंतर फॅरंड.

बाईंनीं ही विद्या मिळविली कोठें? बॉस्टन येथील अर्नोल्ड वृक्षोद्यानांत. हें उद्यानहि हार्वर्डचेंच! तेथील संचालक चार्ल्स सार्जंट हे मोठे वृक्षवेत्ते. त्यांनीं १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत बाईंना आपल्या घरीं ठेवून घेऊन शिकविलें. झाडें ओळखावीं, निसर्गाची शोभा डोळसपणें न्याहाळावी, थोर चित्रकारांचीं चित्रें पाहावीं, हा त्यांचा पाठ. आराखडा जमिनीच्या कलानें घ्यावा, आराखड्याच्या हट्टापायीं जमिनीचा मोड करूं नये, यावर त्यांचा विशेष कटाक्ष असे. १८९५ सालीं बाई युरोपांतील उद्यानें पाहून आल्या आणि त्यांनीं व्यवसाय मांडला.

त्या शिकवणीचा कस लागला वॉशिंग्टन येथील डंबार्टन ओक्स या जागेवर. मिल्ड्रेड ब्लिस यांनीं १९२१ सालीं तें काम बाईंकडे सोंपविलें. घरामागची जमीन एकदम खोल ओढ्याकडे उतरते. दुसऱ्या कोणी भराव घालून ती सपाट केली असती. बाईंनीं उतारच उपयोगांत आणला. घराजवळ आखीव, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. खालीं जावें तसतशी रचना सैल होत शेवटीं रानांत मिसळून जाते. पुष्कळशा शोभेच्या वस्तूंचे लांकडी व कापडी नमुने पूर्ण आकारांत प्रत्यक्ष जागेवर उभे करून पाहात, आणि मगच दगडाला हात लागे. कागदावरची रेघ खोडणें सोपें, दगडी कठडा खोडणें तितकें सोपें नव्हे.

इकडे १९१५ सालीं हार्वर्डनें प्रवेश नाकारलेल्या एका विद्यार्थिनीस हेन्री फ्रॉस्ट या तरुण अध्यापकानें खाजगी रीतीनें शिकविण्यास आरंभ केला. त्यांतूनच स्त्रियांसाठीं केंब्रिज स्कूल उभें राहिलें. तें १९४२ सालीं बंद पडलें. त्याच वर्षीं, युद्धामुळें वर्ग ओस पडूं लागले तेव्हां, हार्वर्डनें या विषयाचें दार स्त्रियांना उघडलें. डंबार्टन ओक्सची बाग त्याच्या दोन वर्षें आधीं, १९४० सालींच, ब्लिस दांपत्यानें हार्वर्डला देऊन टाकली होती.