शीडजहाजांच्या प्रतिकृती : डोलकाठ्या, दोर व शिडे

वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या जहाजाची प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती करून तीवर डोलकाठ्या, दोर व शिडे मूळ रचनेबरहुकूम चढविण्याची कला. जुन्या जहाजांचे लाकडी सांगाडे क्वचित टिकतात. काथ्याचे दोर व सुती शिडे मात्र बहुधा नष्ट होतात. त्यामुळे जहाज वारा कसा धरीत असे, हे दाखविणारी काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती इतिहासाचे पूरक साधन ठरते.

महाराष्ट्राचा सागरी व्यापार किनाऱ्यापुरता मर्यादित नव्हता. समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर होय. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथानुसार तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचला जाई व तेथून जहाजांत चढे. त्या काळातील जहाजांचे स्वरूप चित्र-शिल्पांवरूनच जाणावे लागते. सातवाहन नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन उंच शिडांचे जहाज, तर मुंबईजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौका आढळतात. अशा चित्रांतून सर्वसाधारण आकार कळतो. दोरांची जाडी वा गाठी कळत नाहीत.

मराठ्यांच्या आरमाराबाबतही हीच अडचण येते. १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमार उभारले आणि कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी ते बलाढ्य केले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. हा हल्ला पेशवे व इंग्रज यांच्यातील सहकार्यातून झाला होता. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दिलेले वर्णन म्हणूनच मोलाचे आहे. त्याच्या मते गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची व सु. १५० टनांची, तर तीन डोलकाठ्यांची गुराब सु. ३०० टनांची असे. तिची नाळ निमुळती व सखल असे. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असून, ते उभारल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. वारा नसल्यास ४० ते ५० वल्ह्यांनी ते हाकीत.

यूरोपीय जहाजांसाठी डेव्हिड स्टील याच्या १७९४ मधील ग्रंथासारखी दोरांच्या मापांची कोष्टके उपलब्ध आहेत. गुराब व गलबत यांसाठी कारागिराला यंत्रशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. डोलकाठीला आधार देणारे दोर स्थिर, तर शिडे चढविणारे व वळविणारे दोर चल असतात. यूरोपीय जहाजांवरील स्थिर दोरांना डांबर लावीत. म्हणून प्रतिकृतीत ते काळसर व चल दोर फिकट दाखवितात. त्रिकोणी शिडाच्या नौकेत दिशा बदलताना शिडाची लांब तिरपी काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूस न्यावी लागते. म्हणून बाजूचे आधारदोर कप्पीने सैल करता येतील असे ठेवतात. गलबताच्या प्रतिकृतीवर यूरोपीय पद्धतीच्या पक्क्या दोरशिड्या बांधल्यास ती नौका प्रत्यक्षात वळूच शकणार नाही.

१ : ४८ हे अशा प्रतिकृतींचे प्रचलित प्रमाण आहे. त्यानुसार २४ मिमी. जाडीचा दोर अर्धा मिमी. होतो आणि दोन फूट रुंद कापडाची पट्टी अर्धा इंच होते. दोरासाठी बारीक सूत पिळून घेतात. शिडासाठी दाट विणीचे तलम सुती कापड घेऊन पट्ट्यांचे जोड बारीक शिवणीने वा रेषांनी दाखवितात व कडेस दोर शिवतात. या कडदोरामुळे शीड फाटत नाही. हवेतील आर्द्रतेतील चढउतारांमुळे सूत आखडते व सैलावते आणि प्रकाशाने जीर्ण होते. त्यामुळे प्रतिकृती काचपेटीत, उन्हापासून दूर ठेवतात.

मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असल्याने तुलनेस उपलब्ध आहे. मराठी गुराबेच्या वाट्याला असे भाग्य आले नाही; तिची शिडे आता प्रतिकृतीतच उभी राहू शकतात. म्हणून आधार असलेला भाग व तर्काने जुळविलेला भाग यांची नोंद प्रतिकृतीसोबत ठेवणे आवश्यक असते.