पेनीला पाच

1888 साल. ब्रिस्टलमधलं बेडमिन्स्टर, ईस्ट स्ट्रीट. पहाटेचा पाऊस नुकताच थांबलाय, फरसबंदी ओली आहे. आधी काकवीसारखा गोडूस वाटणारा आणि मागाहून घशाशी येणारा तंबाखूचा वास तुम्हाला वाट दाखवतो. शाली गुंडाळलेल्या पोरींच्या मागोमाग तुम्ही विल्स कंपनीच्या तंबाखूच्या कारखान्यात शिरता. इमारत दोनच वर्षांपूर्वीची.

सिन्नरला विड्या वळणाऱ्या बायांची बोटं तुम्ही पाहिली असतील, तर ती लय इथे शोधू नका. इथे बोन्सॅकचं सिगारेटी वळणारं यंत्र धडधडतंय. मूळचं ते अमेरिकेतलं. 1883 मध्ये विल्सनी त्याचे ब्रिटनपुरते हक्क घेतले. कागदाची अखंड पट्टी सरकते, तिच्यावर तंबाखू पडतो, पट्टी गुंडाळली जाऊन चिकटते आणि फिरतं पातं तिचे तुकडे पाडतं. मिनिटाला दोनशेच्या घरात! हातानं वळणारी कसबी बाई तेवढ्या वेळात चार-पाच वळणार. तुम्ही मोजायला जाता, आणि नाद सोडता.

पण एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? उत्तर समोरच्या टेबलावर आहे. यंदाच निघालेला नवा छाप, वाइल्ड वुडबाइन. वुडबाइन म्हणजे कुंपणावर चढणारी गोड वासाची रानवेल. नाव छान आहे, पण खरी हुशारी किमतीत: कागदी पाकिटात पाच, आणि दाम एक पेनी. साहेबाची चैन हमालाच्या खिशात आली. तुम्हीही एक पाकीट घ्या. लागेल.

आता 1916चा गारठा, पहिलं महायुद्ध चालू आहे. फ्रान्समधलं रुआं स्टेशन. आघाडीवर निघालेल्या गाडीत पोरं कोंबलेली. कुणी गातंय, कुणी गप्प. डब्याडब्यापाशी एक पाद्री येतो. मोठे कान, त्याहून मोठे डोळे, खांद्याला झोळी. एका हातानं बायबल पुढे करतो, दुसऱ्या हातानं वुडबाइन. कोणता हात आधी रिकामा होतो ते सांगायला नको. त्याचं नाव जेफ्री स्टडर्ट केनेडी, पण सैनिकांच्या तोंडी ‘वुडबाइन विली’. त्याला स्वतःला दमा आहे, तरी तो ओढतोच. जन्म जून 1883चा. विल्सनी यंत्राचे हक्क घेतले तेच हे साल. पुढच्या वर्षी मेसीनच्या लढाईत तो तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत जखमी शोधत फिरेल, आपले आणि शत्रूचेही, आणि मिलिटरी क्रॉस मिळवेल.

खिडकीतून एक हात तुमच्यापुढे येतो. नखांत माती, वय फार तर एकोणीस. तुम्ही पाकीट उघडून एक सिगारेट देता. गाडी हलते.

मग काटा जरा जास्तच पुढे सरकतो. 1949, लंडनचं एक इस्पितळ. खाटेशी बसलेली बाई कागद घेऊन विचारतेय: कधी सुरुवात केली? दिवसाला किती? मध्ये कधी सोडली होती का? रुग्ण खोकत आठवतो. ही उत्तरं रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल हे संशोधक जमवताहेत. सप्टेंबर 1950 मध्ये ती छापून येतील: फुप्फुसाच्या कर्करोगाचे 649 पुरुष, त्यांतले कधीच न ओढणारे फक्त दोन. डॉल स्वतः ओढायचे. आकडे बघता बघता त्यांनी सोडली.

इथे थांबू नका, परत फिरा. मार्च 1929, वुस्टर. लिव्हरपूलला केनेडी वारला, वय अवघं 45; ही त्याची अंत्ययात्रा. ब्रिस्टलची यंत्रं मात्र जोरात आहेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना टोप्या काढून उभी असलेली माणसं, कित्येकांच्या कोटावर युद्धाची पदकं. शवपेटी जवळ येते. गर्दीतून कुणीतरी तिच्यावर वुडबाइनचं एक पाकीट टाकतं. कुणी हसत नाही.

तुमचा हात नकळत खिशात जातो. पाकीट तिथेच आहे. आत चार उरल्यात.