रन्क्स-१ (जनुक)

रन्क्स-१ हे मानवाच्या २१व्या गुणसूत्रावरील एक जनुक आहे. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासातून ते प्रथम ज्ञात झाले, म्हणून त्यास पूर्वी एएमएल-१ असे नाव होते. तथापि रक्तपेशींची निर्मिती व वाढ यांचे नियमन करणे हे त्याचे स्वाभाविक कार्य होय. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन डीएनएला जोडले जाऊन इतर जनुकांचे कार्य चालू अथवा बंद करते.

शोध

अमेरिकन संशोधिका जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत ८व्या व २१व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याचे दाखवून दिले. २१वे गुणसूत्र जेथे तुटते तेथील हे जनुक १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखले. फळमाशीतील रंट या जनुकाशी असलेल्या साम्यावरून त्याचे सध्याचे नाव पडले.

रक्तनिर्मितीतील कार्य

या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केलेल्या उंदरांवरील प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे गर्भ सुमारे साडेबारा दिवसांचे असताना मरण पावले. पीतक कोशातील आरंभीच्या तांबड्या पेशी त्यांच्यात होत्या. परंतु यकृतात होणारी पुढील रक्तनिर्मिती झालीच नव्हती. गर्भातील महारोहिणीच्या आतील अस्तराच्या काही पेशींचे रूपांतर रक्ताच्या मूलपेशींत होते. या रूपांतरास रन्क्स-१ अनिवार्य असते. प्रौढ उंदरांत मात्र हे जनुक काढून टाकल्यास रक्तनिर्मिती थांबत नाही. प्लेटलेटची संख्या घटते व लसीका पेशींची वाढ खुंटते.

ल्युकेमियाशी संबंध

गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे रन्क्स-१चा एक भाग दुसऱ्या जनुकाला जोडला जातो. त्यातून होणारे संमिश्र प्रथिन, जी जनुके चालू व्हावयास हवीत त्यांपैकी अनेकांना दडपून ठेवते. परिणामी पेशी अपक्व राहतात. मात्र एवढ्यानेच ल्युकेमिया होत नाही. त्यासाठी आणखी जनुकीय बदल घडावे लागतात. लहान मुलांतील ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १२व्या व २१व्या गुणसूत्रांमधील अशीच अदलाबदल आढळते.

काही कुटुंबांत या जनुकाची एक सदोष प्रत आनुवंशिकतेने येते. अशा व्यक्तींत प्लेटलेट कमी असतात किंवा नीट कार्य करीत नाहीत, तसेच ल्युकेमियाचा धोका वाढतो. निरोगी दिसणाऱ्या भावंडातही हा दोष असू शकतो; म्हणून अशा कुटुंबात अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी दात्या नातेवाइकाचीही जनुकीय तपासणी करणे आवश्यक ठरते.