बोगदानोव्हचे संघटनशास्त्र आणि मार्क्सवादी परंपरा

इ. स. १९५४ मध्ये मॉस्को येथे प्रसिद्ध झालेल्या संक्षिप्त तत्त्वज्ञानकोशाच्या चौथ्या आवृत्तीत सायबर्नेटिक्स या नव्या शास्त्राची नोंद आढळते, आणि तीत या शास्त्राची संभावना प्रतिगामी छद्मविज्ञान अशी केलेली आहे. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९६१ च्या ऑक्टोबरात, सोव्हिएट कम्युनिस्ट पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनाने जो कार्यक्रम संमत केला त्यात याच शास्त्राचा उत्पादनात व नियोजनात व्यापक उपयोग करून घेण्याचा संकल्प सोडलेला आहे. या स्थित्यंतराचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते राजकीय स्वरूपाचे असते : १९५३ साली स्टालिनचा मृत्यू झाला, वातावरण निवळले आणि शास्त्रज्ञांना बोलता येऊ लागले. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कारण समाजाकडे एक घटकबद्ध, स्वतःचे नियमन करणारी व्यवस्था म्हणून पाहावे की परस्परविरोधी वर्गांच्या संघर्षाचे क्षेत्र म्हणून पाहावे, हा वाद मार्क्सवादी गोटात सायबर्नेटिक्सचा जन्म होण्यापूर्वी चाळीस वर्षे चाललेला होता. त्या वादाच्या केंद्रस्थानी अलेक्झांडर बोगदानोव्ह हा पुरुष होता.

बोगदानोव्हचे मूळ आडनाव मालिनोव्स्की. जन्म १८७३ चा. शिक्षणाने तो वैद्य. खारकोव्ह विद्यापीठातून त्याने वैद्यकाची पदवी घेतली. १९०४ पासून काही वर्षे बोल्शेव्हिक पक्षगटात लेनिनच्या खालोखाल त्याचे स्थान होते. कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा जो रशियन अनुवाद बाझारोव्ह आणि स्तेपानोव्ह यांनी केला व जो १९०७ ते १९०९ या काळात प्रसिद्ध झाला, त्याचे संपादन बोगदानोव्हने केले होते. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयाची ती अशासाठी, की पुढे ज्याला मार्क्सवादाबाहेरचा म्हणून बाजूस सारण्यात आले त्याच्या हाताखालून मार्क्सचे वाक्य न् वाक्य गेलेले होते. मार्क्स न वाचता त्याच्यावर सुधारणा सुचविणाऱ्यांपैकी तो खचितच नव्हता.

‘भांडवला’च्या पहिल्या खंडात सहकार्याविषयी एक प्रकरण आहे. अनेक कामगार एकत्र येऊन काम करतात तेव्हा त्यांच्या वेगवेगळ्या शक्तींची केवळ बेरीज होत नाही, तर एक नवीच सामूहिक शक्ती उदयास येते, असे तेथे मार्क्सने दाखविले असून घोडदळाच्या तुकडीचा दाखला दिला आहे. बोगदानोव्हच्या विचाराचे बीज या ठिकाणी शोधावे लागते. मार्क्सने जे श्रमाबद्दल म्हटले ते सर्व वस्तुजाताबद्दल म्हणता येईल काय, असा प्रश्न त्याने केला. १९१३ ते १९२२ या काळात तीन भागांत पूर्ण झालेल्या ‘टेक्टॉलॉजी’ या त्याच्या ग्रंथात या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर आहे. ‘टेक्टोन’ म्हणजे ग्रीक भाषेत बांधणारा, सुतार. तेव्हा टेक्टॉलॉजी म्हणजे बांधणीचे, अर्थात संघटनेचे शास्त्र. स्फटिक, पेशी, यंत्र, कुटुंब, सैन्य, राज्य, वैज्ञानिक सिद्धान्त हे सर्व त्याच्या मते ‘संकुले’ होत. प्रत्येक संकुल म्हणजे क्रिया आणि प्रतिकार यांची एक जुळणी. ही जुळणी अशी साधली की समग्राची कार्यशक्ती घटकांच्या बेरजेहून अधिक ठरते, तर ते संकुल संघटित. उणी ठरली तर विघटित. आणि समान राहिली तर तटस्थ.

या सामान्य भूमिकेवरून त्याने जे विशेष नियम काढले त्यांत आजच्या वाचकाला परिचित असे बरेच काही सापडते. कोणत्याही साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, हा त्याचा न्यूनतमाचा नियम. नियोजनाच्या क्षेत्रात या नियमाचे महत्त्व उघड आहे : कोळसा कमी पडला तर लोखंडाचा मुबलक साठा असूनही उपयोगी पडत नाही. १९२१ च्या जानेवारीत मॉस्को येथे श्रमाच्या शास्त्रीय संघटनेविषयी जी परिषद भरली होती तीत बोगदानोव्हने आर्थिक नियोजनाचा विचार याच अंगाने मांडला. दुसरी त्याची कल्पना ‘द्विनियामका’ची. दोन संकुले एकमेकांचे नियमन अशा रीतीने करतात की बाहेरून तिसऱ्या नियामकाची गरज उरत नाही. नॉर्बर्ट वीनरचा ‘सायबर्नेटिक्स’ हा ग्रंथ १९४८ चा. त्यातील प्रतिपोषणाच्या कल्पनेशी हे किती जवळचे आहे हे निराळे सांगावयास नको. मात्र साम्य दिसले की ऋण सिद्ध झाले असे मानण्याची घाई इतिहासकाराने करू नये. टेक्टॉलॉजीचे जर्मन भाषांतर १९२६ व १९२८ मध्ये निघाले होते, म्हणजे ते मध्य युरोपातील विद्वानांना उपलब्ध होते. इतक्यावरून लुडविग फॉन बर्टालान्फीने आपला सामान्य व्यवस्थासिद्धान्त तेथून उचलला असे म्हणता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या ग्रंथातील एक कल्पना विशेष विचारार्ह वाटेल. संघटनेचे दोन प्रमुख प्रकार बोगदानोव्ह सांगतो. एकात कोणी एक घटक केंद्रस्थानी राहून इतरांना वळण लावतो. मेंदू, सेनापती, शासनसंस्था ही त्याची उदाहरणे. दुसऱ्यात मऊ, लवचिक द्रव्य एखाद्या कठीण सांगाड्याच्या आधाराने टिकून राहते. हाडे, कवच, कपडे, भांडी ही त्याची उदाहरणे. या दुसऱ्या प्रकारात तो शब्दांचा आणि चिन्हांचा समावेश करतो. अनुभव प्रवाही असतो. शब्द त्याला धरून ठेवतो. परंतु सांगाडा जसा आधार देतो तसाच तो वाढीला अडथळाही करतो. जिवंत द्रव्य वाढते, कवच तेवढेच राहते, आणि अखेरीस कवच फुटावे लागते. रूढी, कायदा, धर्मसिद्धान्त, पक्षाचा कार्यक्रम या सर्वांना ही उपपत्ती लागू पडते. उत्पादनशक्ती आणि उत्पादनसंबंध यांच्यातील विरोधाविषयीचा मार्क्सचा सिद्धान्तच येथे वेगळ्या परिभाषेत पुन्हा मांडलेला आहे, हे ध्यानात येईल. पण परिभाषा वेगळी झाल्याने सिद्धान्त तोच राहतो काय, हाच तर वादाचा मुद्दा होता.

लेनिन आणि बोगदानोव्ह यांची फारकत मुळात या ग्रंथावरून झाली नाही. १९०४ ते १९०६ या वर्षांत बोगदानोव्हने ‘एम्पिरिओमोनिझम’ नावाचा त्रिखंडात्मक ग्रंथ लिहून माख या भौतिकशास्त्रज्ञाच्या ज्ञानमीमांसेची मार्क्सशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. त्याला उत्तर म्हणून लेनिनचा ‘भौतिकवाद आणि अनुभववादी चिकित्सा’ हा ग्रंथ १९०९ मध्ये अवतरला. त्याच वर्षी बोगदानोव्हला बोल्शेव्हिक गटातून काढण्यात आले. या बहिष्कारामागे दुमाविषयीचे धोरण, गटाचे नेतृत्व, पक्षशाळा असे कितीतरी व्यावहारिक प्रश्न होते. ज्ञानमीमांसा हे त्यांतले एक कारण, आणि कदाचित सर्वांत प्रबळ कारण नव्हे. १९२० मध्ये लेनिनने आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा टेक्टॉलॉजीचा समाचार नेव्हस्की याने लिहिलेल्या परिशिष्टात घेण्यात आला. आणि बोगदानोव्हची अलीकडची पुस्तके वाचण्यास आपणास सवड झाली नाही, असे लेनिनने प्रस्तावनेत प्रांजळपणे कबूल केले. मार्क्सवाद आणि व्यवस्थाविचार यांच्या संबंधांवर पुढील कित्येक दशके ज्या निवाड्याची छाया पडली तो असा न वाचलेल्या पुस्तकावरचा निवाडा होता.

तथापि लेनिनचा आक्षेप नुसता हट्टाचा नव्हता. बुखारिनच्या ‘संक्रमणकाळाचे अर्थशास्त्र’ या १९२० च्या पुस्तकावर त्याने जी टिपणे केली आहेत त्यांत बोगदानोव्हच्या परिभाषेवर तो वारंवार चिडलेला दिसतो. ही चीड पारिभाषिक वाटली तरी तिच्या मुळाशी एक तात्त्विक भीती आहे. ‘समतोल ढळला’ असे म्हटले की ढळविणारा कोण आणि ढळल्यामुळे कोणाचा घात झाला, हे प्रश्न वाक्यातून निघून जातात. ‘मालकाने मजुरी कापली’ या वाक्याला कर्ता आहे. ‘व्यवस्थेत बिघाड झाला’ या वाक्याला तो नाही. बोगदानोव्हची भाषा बव्हंशी या दुसऱ्या प्रकारची आहे. मराठीत तर ‘संघटना’ या शब्दाने ही अडचण अधिकच स्पष्ट होते. कामगारांची संघटना म्हटले की जो अर्थ गिरणगावातल्या माणसाच्या मनात उभा राहतो तो स्फटिकाच्या संघटनेला कसा लागू करावा?

बुखारिनने १९२१ च्या ‘ऐतिहासिक भौतिकवाद’ या पुस्तकात समाज आणि निसर्ग यांच्यातील समतोल, तो बिघडणे आणि वरच्या पातळीवर पुन्हा प्रस्थापित होणे, अशी समाजविकासाची मांडणी केली. हेगेलच्या त्रिपदीला यंत्रशास्त्राचा पेहराव चढविण्याचा हा उद्योग होता. त्यावर ग्राम्शीने तुरुंगात बसून कठोर टीका लिहिली. पण टीकेने जे साधत नाही ते सत्तेने साधते. १९२९ च्या डिसेंबरात शेतीविषयक मार्क्सवादी अभ्यासकांच्या परिषदेत स्टालिनने समतोलाच्या सिद्धान्तावर हल्ला चढविला. समाजवादी क्षेत्र आणि लहान शेतकऱ्यांचे क्षेत्र ही दोन शेजारी शेजारी सुखाने नांदतील असे या सिद्धान्तामुळे वाटू लागते, असा त्याचा रोख होता. सक्तीच्या सामुदायिकीकरणाची ती पूर्वतयारीच होती. एक अमूर्त संज्ञा बाद झाली आणि तिच्या पाठोपाठ कोट्यवधी शेतकऱ्यांचे जीवन उलथून गेले. बाझारोव्ह, जो नियोजन आयोगात काम करीत होता, १९३० मध्ये पकडला गेला. बुखारिनला १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. बोगदानोव्ह हे पाहण्यास उरला नव्हता. १९२६ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या रक्तसंक्रमण संस्थेचा तो प्रमुख होता, आणि एका रुग्ण विद्यार्थ्याशी स्वतःच्या रक्ताची अदलाबदल करण्याच्या प्रयोगात १९२८ च्या एप्रिलमध्ये त्याचा अंत झाला.

वास्तविक मार्क्सकडे समतोलाचे गणितही होते. ‘भांडवला’चा दुसरा खंड एंगल्सने १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उत्पादनसाधने निर्माण करणारा एक विभाग आणि उपभोग्य वस्तू निर्माण करणारा दुसरा, यांच्यातील देवघेवीची कोष्टके आहेत. त्यांचा आधार घेऊन फेल्डमनने १९२८ मध्ये आर्थिक वाढीचा एक नमुना रचला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये मांडलेला द्विक्षेत्री नमुना त्याच्याशी तत्त्वतः जुळतो. मात्र तो स्वतंत्रपणे तयार झाला होता, आणि फेल्डमनचे काम पाश्चात्त्य जगाला डोमारच्या १९५७ च्या ग्रंथामुळे माहीत झाले. खुद्द वीनर १९५५-५६ मध्ये महालनोबिस यांच्या कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिला होता. दोन्ही धारा एका वास्तूत काही महिने नांदल्या, हा योगायोग खरा. त्यातून नवे तत्त्वज्ञान निघाले नाही.

सायबर्नेटिक्सचे पुनर्वसन रशियात ज्या मार्गाने झाले त्याची एक बाजू भाषाशास्त्राच्या इतिहासात सापडते. १९५० च्या जूनमध्ये स्टालिनने ‘प्राव्दा’तून मारच्या भाषाविषयक सिद्धान्ताचा निकाल लावला आणि भाषा ही पाया नव्हे, इमलाही नव्हे, असे जाहीर केले. भाषा कोणत्याही वर्गाची नसते, असे एकदा मान्य झाल्यावर तिचा निव्वळ व्यवस्था म्हणून अभ्यास करण्यास तत्त्वतः हरकत उरत नाही. १९५५ मध्ये सोबोलेव्ह, कितोव्ह आणि ल्यापुनोव्ह यांचा सायबर्नेटिक्सची बाजू मांडणारा लेख तत्त्वज्ञानविषयक मुख्य नियतकालिकात आला. १९५८ मध्ये यांत्रिक भाषांतराविषयी मॉस्कोत परिषद भरली. १९६० मध्ये मॉस्को विद्यापीठात संरचनात्मक व उपयोजित भाषाशास्त्राचा विभाग निघाला. गणितज्ञांच्या आडोशाने संरचनावादी भाषाशास्त्र आत आले, असेच म्हणावे लागेल. परंतु या शास्त्राला जी मान्यता लाभली तिची किंमतही द्यावी लागली. सायबर्नेटिक्स हे नियंत्रणाचे तंत्र म्हणून स्वीकारले गेले. समाजाच्या रचनेविषयी प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून नव्हे.

बोगदानोव्हच्या ‘तांबडा तारा’ या १९०८ च्या कादंबरीत मंगळावरील समाजाचे वर्णन आहे. तेथील सांख्यिकी संस्था कोणत्या उद्योगात किती श्रम कमी पडतात आणि किती जास्त आहेत याचे आकडे सतत प्रसिद्ध करते. ते पाहून माणसे आपण होऊन काम बदलतात. हुकूम कोणी देत नाही. व्हिक्टर ग्लुश्कोव्हने साऱ्या सोव्हिएट अर्थव्यवस्थेसाठी संगणकांच्या जाळ्याची जी योजना १९६० नंतरच्या दशकात मांडली, तीत माहिती खालून वर जाते आणि निर्णय वरून खाली येतो. बोगदानोव्हच्या शब्दांत सांगायचे तर द्विनियामकाची जागा तेथे केंद्राने घेतलेली आहे. तीही योजना १९७० मध्ये सर्वोच्च समितीसमोर गेली असता खात्याखात्यांच्या मत्सरात अडकली आणि मूळ स्वरूपात कधीच अमलात आली नाही.

१९६९ पासून ब्लाउबर्ग, सादोव्स्की आणि युदिन यांच्या पुढाकाराने ‘व्यवस्था-संशोधन’ या नावाचे वार्षिक मॉस्कोतून निघू लागले. बोगदानोव्हचा जीवशास्त्रज्ञ पुत्र मालिनोव्स्की हा जैविक व्यवस्थांच्या प्रकारांवर लिहीत होता. स्वतः ‘टेक्टॉलॉजी’ मात्र मॉस्कोत पुन्हा छापली गेली ती १९८९ मध्ये, दोन खंडांत. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी सोव्हिएट संघ विसर्जित झाला.