डाळिंबाची काठी

कोकरू भाजायचं तर काठी डाळिंबाची हवी. इतर लाकडांत ओल असते. आगीवर धरलं की ती बाहेर येते, आतल्या मांसाला वाफ लागते आणि मग ते भाजलेलं राहत नाही, शिजलेलं होतं. लोखंडाची सळई तर नकोच. ती स्वतः तापते, म्हणजे मांस आगीवर न भाजता लोखंडावर भाजतं. हे कुणा खानसाम्याचं शास्त्र नव्हे. काठीचा नियम इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मसंहितेतला, आणि त्यामागची कारणं नंतरच्या तालमूदमधली. गंमत अशी की हा नियम लिहून ठेवला तेव्हा यरुशलेमच्या मंदिरातलं ते कोकरू बंद होऊन सव्वाशे वर्षं उलटली होती.

हे कोकरू वल्हांडणाचं. मराठी बायबलने हा शब्द फार नेमका योजला आहे : वल्हांडणं म्हणजे ओलांडणं. मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं ती घरं मृत्यूने ओलांडली आणि इस्राएली लोक तिथून निसटले, त्या रात्रीचं हे जेवण. बायबलमधल्या ‘निर्गम’च्या बाराव्या अध्यायात त्याची पाककृतीच आहे. मांस कच्चं नको, पाण्यात शिजवलेलं नको. डोकं, पाय, आतड्यांसकट आगीवर भाजलेलं हवं. सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी. कंबर कसून, पायात जोडे घालून घाईघाईने खायचं. हाड मोडायचं नाही, सकाळसाठी काही उरवायचं नाही. बाराव्या शतकातल्या ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसने या सगळ्याची किल्ली घाईत शोधली : पळणाऱ्या माणसाला रस्सा आटवायला वेळ कुठला, आणि हाड फोडून नळी चोखत बसायलाही. मला हे पटतं. भांडं लागत नाही असा स्वयंपाक भाजण्याचाच.

पुढे हा विधी घरातून मंदिरात गेला आणि पळत्या माणसाच्या जेवणाला वकिली काटेकोरपणा आला. भाजताना मांस भट्टीच्या भिंतीला टेकलं तर तेवढा भाग कापून टाका. ठिबकलेला रस तापल्या मातीवर पडून परत मांसावर उडाला, तरी तो भाग काढा. आतडी आणि पाय पोटात कोंबावेत असं एका आचार्यांचं म्हणणं. रब्बी अकिवा म्हणाले, छे, कोंबले तर ते आत शिजतील, बाहेर टांगा. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसिफस एका सणाला अडीच लाखांवर कोकरं कापल्याचा आकडा देतो. तो फुगवलेला असावा, पण दहा-वीस माणसांत एक कोकरू हा त्याचा हिशेब विश्वासार्ह वाटतो.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं. बळी तिथेच द्यायचा असल्याने कोकरू संपलं, पण त्याची चव जिभेवर असलेल्यांचं काय? रोममधल्या तोदोस नावाच्या प्रतिष्ठित माणसाने तिथल्या ज्यूंना वल्हांडणाच्या रात्री अख्खं भाजलेलं करडू खायची सवय लावली होती. आतडी-पाय डोक्याभोवती ठेवलेलं, म्हणून त्याला ‘शिरस्त्राण घातलेलं करडू’ म्हणत. धर्मपंडितांनी निरोप धाडला की तोदोसच्या जागी दुसरा कुणी असता तर बहिष्कारच घातला असता. यरुशलेमबाहेर हे खाणं म्हणजे बळीचं सोंग. मिश्नेने शेवटी तोडगा काढला : जिथे या रात्री भाजलेलं खायची चाल आहे तिथे खावं, जिथे नाही तिथे खाऊ नये.

युरोपातल्या बहुतेक ज्यूंनी दुसरी वाट धरली. म्हणजे ज्या रात्रीसाठी भाजणं हीच एकमेव रीत होती, त्या रात्री भाजणंच वर्ज्य झालं. पुढे अमेरिकेतल्या ज्यू घरांत सणाचा पदार्थ म्हणून ब्रिस्केट रुळलं, ते या बंदीत चपखल बसतं. गुराच्या छातीचं हे चिवट मांस भरपूर कांद्यावर, रसात, झाकण लावून तीन-चार तास शिजवायचं. मूळ पाककृतीत निषिद्ध होतं ते नेमकं हेच. ताटात भाजलेलं एक हाड मात्र असतं. भाकर आणि कडू भाजी उचलून दाखवतात. हाड उचलत नाहीत, कुणाला बळीच वाटायला नको. शाकाहारी घरांत त्याच्या जागी बीट ठेवतात, आणि त्यालाही तालमूदमधल्या रव हुनाचा आधार आहे.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे, म्हणजे शनवार तेल्यांकडे, पंडितांचे हे वाद फार उशिरा पोचले. सणाआधी घराला चुना, तांब्याच्या भांड्यांना कल्हई. बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उमटवायचा आणि तो दारावर लावायचा.

कोकरू खरोखर भाजलं जातं ते आता नाब्लूसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर. शोमरोनी, म्हणजे समॅरिटन, ही इस्राएली परंपरेतलीच पण ज्यूंहून वेगळी जमात. त्यांनी यरुशलेमचं मंदिर कधी मानलंच नाही, त्यामुळे ते पडल्याने त्यांचं काही अडलं नाही. आज त्यांची अख्खी जमात हजाराच्या आत आहे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सूर्यास्ताला कोकरं कापतात, उकळतं पाणी ओतून लोकर उपटतात, मीठ चोळतात आणि लांब लाकडी काठ्यांवर अख्खी ओवतात. दगडी खड्ड्यांत दुपारपासून जाळ असतो. सगळ्या काठ्या एकदम आत उतरवतात, वर जाळी, झुडपं आणि ओला चिखल. कुठून धूर फुटला की एखादा पोरगा धावत जाऊन तिथे मूठभर चिखल थापतो. मध्यरात्रीच्या सुमारास खड्डा उघडतात आणि मांस हातांनी ओढून भराभर खातात. उजाडायच्या आत उरलेलं सगळं परत आगीत. त्यात हाडंही असतात, एकही न मोडलेली.