वर्गणी आणि चाकरी

रायपूरच्या राजकीय चळवळीचा इतिहास वाचताना आपणां नोकरदार मंडळींचे मन एका गोष्टीपाशी अडखळते. सभा कोठे भरली, कोण बोलले, हे लेखक आवर्जून सांगतात. परंतु त्या सभेच्या झोळीत कोणाच्या पगारातला रुपया पडला, हे सहसा कोणी नोंदवीत नाही.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) सरकारी नोकरीच्या वाटेस गेले नाहीत. पेंड्र्याच्या राजकुमारांची शिकवणी त्यांनी पत्करली आणि त्या वेतनातून वाचविलेल्या पैशावर १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. दोघेही मराठी, लेखणी मात्र इथल्या लोकांच्या भाषेत चालली. पगार हाच ज्याचा फंड, अशा शिक्षकाचे हे उदाहरण मला मोठ्या देणगीदारांच्या याद्यांहून मोलाचे वाटते.

पुढे १९२१ साली बेझवाड्याच्या बैठकीत टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचे ठरले, आणि ते जमलेही. त्याच वर्षी रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले. सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांची तेथे सोय झाली. लाखे व सप्रे या दोघांचाही त्यात हात होता. वकील, व्यापारी, मालगुजार उघडपणे देऊ शकत. सरकारी कारकुनाने दिले असेल तर नाव न सांगताच. आणि निनावी रुपयाची पावती इतिहासाला मिळत नाही.

स्वराज्य आले, तरी आपल्यापुरता हा निर्बंध राहिलाच. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील पाचवा नियम राजकीय चळवळीस वर्गणी देण्याचीही मनाई करतो. योगायोग असा की, त्याच वर्षी १ मे रोजी रायपुरात रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे कर्मचारी या केंद्रीय नियमाखाली येत नाहीत. त्यांना त्यांच्या विद्यापीठाचे नियम.

ते कोणत्या पक्षास किती देतात, हे मात्र कळणे कठीण. अमेरिकेत वर्षभरात दोनशे डॉलरांहून अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि मालक संस्था प्रसिद्ध होते. म्हणून तेथे विद्यापीठवार बेरीज मांडता येते. आपल्याकडे वीस हजार रुपयांवरील देणगीदारांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगास द्यावयाची असते. तीत नाव, पत्ता आणि रक्कम येते. नोकरी येत नाही. निवडणूक रोख्यांत तर नावही झाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना रद्द केली.

नियम मला अन्यायाचा वाटत नाही. ज्याच्या टेबलावर सर्वांचे कागद येतात, त्याने कोणाच्या झोळीत हात घालू नये, हेच बरे. तरीही मागील निवडणुकीत पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारी आले, तेव्हा त्यांना चहा दिला आणि रिकाम्या हाती पाठविले. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी पाचशेची नोट काढली, पावती वाचली व घडी करून खिशात ठेविली.